शटर वर आहे

"हेली, तू तरी स्पॅनिश शीक," आई म्हणाली होती. "तुझे बाबा काही शिकायचे नाहीत. आणि मी काही जन्माला पुरणार नाही."

ती स्वयंपाकघरात बदाम सोलत होती आणि मी माझ्या लेकीला, मार्गोला, भरवत होते. मार्गो तेव्हा जेमतेम बसायला लागली होती. पोर घास गिळतंय की घशात अडकवतंय, यापलीकडे त्या दिवसांत मला जगातलं काही दिसत नव्हतं. मान वर न करताच मी म्हटलं, "आई, इथे गरज कुणाला पडते? सगळ्यांना इंग्रजी येतं."

"सगळ्यांना म्हणजे तुला भेटतात त्या सगळ्यांना," आई म्हणाली, आणि बदामाची वाटी घेऊन बाहेर गेली.

बाहेर म्हणजे रस्त्यावर. ऊन उतरलं की शेजारची अंपारो आपली वेताची खुर्ची दारासमोर मांडायची आणि आई आपली तिच्या शेजारी. अंपारो सत्तरी ओलांडलेली, विधवा, ठेंगणी, कायम काळा स्वेटर. आमची ती सगळी रांग जिथे उभी आहे तिथे पूर्वी तिच्या सासऱ्याची बदामाची बाग होती. बाग विकली गेली, घरं झाली, घरं आमच्यासारख्यांनी घेतली. गल्लीत स्पॅनिश घर उरलं ते तिचं एकटीचं. आई तिच्याकडून शब्द वेचायची, बदाम वेचावेत तसे. फोडायला वेळ लागायचा, अर्धे किडके निघायचे, पण रोज मूठभर तरी घरात यायचे.

बाबा आत टीव्हीसमोर. आम्ही मूळचे इंग्लंडमधल्या स्टोकचे. बाबांची हयात टाइल्सच्या कारखान्यात भट्टीपाशी गेली, आणि निवृत्त झाल्यावर दोघं स्पेनमध्ये, अलिकांतेच्या बाजूला या गावात उन्हाला येऊन राहिले. "भट्टीची सवय आहे मला," बाबा म्हणायचे. "फक्त इथे तिच्यात कोळसा घालावा लागत नाही."

त्यांनी प्रयत्नच केला नाही असं कुणी म्हणू नये. आल्या आल्या त्यांनी एक पुस्तक आणलं होतं. दाढी करताना आरशात बघून वाक्यं घोकायचे. मग एका सकाळी बेकरीत गेले आणि परत येऊन पाव टेबलावर आपटला.

"काय झालं?" आईने विचारलं.

"मी म्हटलं, शुभ सकाळ, एक मोठा पाव द्या. झकास म्हटलं, मॉरीन. एक अक्षर चुकलो नाही. तर ती पोरगी म्हणते, कापून देऊ की अख्खा? आपल्या भाषेत. आणि वर विचारते, लिव्हरपूलचे का तुम्ही?"

"अरे देवा. मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, कापून."

"कुठल्या भाषेत?"

बाबांनी टेबलावरचा पावाचा चुरा झटकला. "माझ्या."

आई हसून हसून खुर्चीत कोसळली. बाबाही हसले. पण पुस्तक त्यानंतर बाथरूममधून नाहीसं झालं. मी पुढे ते टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली पाहिलं.

त्या पोरीचाही दोष नाही. तिच्यामागे रांग होती, आणि समोरचा म्हातारा घाम गाळत एकेक शब्द जुळवत होता. तिला त्याची कीव आली असेल. आम्हा इंग्रजांवर जगाने ही मेहेरबानी करून ठेवली आहे. कुठेही जा, आमच्यासाठी दार आधीच उघडून धरलेलं असतं, त्यामुळे कडी कशी काढायची हे हाताला कधी कळतच नाही. त्या गावात बार चालवायचा तो कॉलिन लीड्सचा. न्हावीण वेल्सची. बँकेत एक खिडकी आमच्यासाठी वेगळी. दवाखान्यात दुभाषी मिळायचा. शाळेत आम्ही फ्रेंच शिकलो, म्हणजे स्टेशन कुठे आहे ते विचारायला शिकलो. समोरच्याने दिलेलं उत्तर समजून घ्यायचं कुणी शिकवलं नाही. विषय सोडायची मुभा मिळाली तशी अर्ध्या वर्गाने फ्रेंच सोडलं. मी भूगोल घेतला आणि पुढे त्यातच पदवी मिळवली. नकाशावर कुठल्याही देशावर बोट ठेवा, मी नाव सांगेन. तिथल्या माणसाकडे पाणी कसं मागायचं ते मात्र विचारू नका.

आई गेली ती पुढच्या हिवाळ्यात. छातीत कफ झाला, इस्पितळात नेलं, आणि आम्ही विमानतळावर उतरेपर्यंत सगळं संपलं होतं. तिथे माणसाला लगेच पुरतात, आमच्यासारखं दोन-दोन आठवडे ताटकळत ठेवत नाहीत. दुसऱ्याच दिवशी सगळं उरकून आम्ही घरी बसलो होतो तेव्हा अंपारो मसुरीच्या आमटीचं पातेलं घेऊन आली. बाबांचा हात दोन्ही हातांत धरून ती बराच वेळ बोलली. बाबा म्हणाले, "बरं, बदके. बरं."

आमच्या स्टोककडे 'बदके' हे मायेचं संबोधन आहे. बायकोला, मुलीला, बसच्या कंडक्टरला, सगळ्यांना चालतं. अंपारोला ते काय कळलं असेल कोण जाणे. ती रडली, आणि पातेलं ठेवून गेली.

मी बाबांच्या मागे लागले. "चला आता घरी. इथे कोण आहे तुमचं?"

"घरीच आहे मी."

"बाबा, तुम्हाला मध्येच गरगरतं, आई सांगायची मला. उद्या काही झालं तर कुणाला काय सांगाल?"

"काही झालं तर सांगायच्या अवस्थेत असेन का मी?" बाबा म्हणाले. "आणि कॉलिन आहे. तू आहेस. दर रविवारी फोन करतो की नाही? तिची खुर्ची इथे आहे, हेली. ती काय स्टोकला न्यायची?"

ते हटले नाहीत. मी स्टोकला परतले, आणि तेव्हापासून माझा जीव दोन ठिकाणी टांगलेला. इथे मार्गो चालायला लागलेली, तिथे बाबा. रात्री मी तिचा श्वास ऐकत पडायचे आणि मनात बाबांचे जिने मोजायचे. त्या घराला जिना नाही, हे मला पक्कं ठाऊक असूनही.

ईस्टरला मार्गोला घेऊन गेले. पहिल्या दिवशी घरभर फिरून धोके हेरले. फरशी गुळगुळीत होती, सुऱ्या उचलून वर ठेवल्या. मग दिसलं ते पुढच्या खोलीचं शटर. तिथे प्रत्येक खिडकीवर बाहेरून पट्ट्यांचं शटर असतं, दुकानाच्या शटरची लहान बहीण. भिंतीतला पट्टा ओढला की वर जातं, सोडला की खाली येतं. या खिडकीचा पट्टा झिजला होता. हात सैल पडला की शटर धाडकन खाली. आणि मार्गोला त्याच खिडकीत चढून बसायचं होतं, बोटं अगदी फटीपाशी.

"बाबा, याचं काहीतरी करा. बोटं तुटतील तिची."

बाबांनी शटर पुरतं वर नेलं आणि वर लाकडाची पाचर ठोकली. "झालं. आता वादळ आलं तरी खाली येत नाही. तसंही मला ते आवडत नाही. तुझी आई रोज पाडायची आणि रोज उचलायची. आपण काय घुशी आहोत, अंधारात झोपायला?"

त्याच संध्याकाळी अंपारो आली. तिने खिडकीकडे बोट दाखवलं, हात वर-खाली केला, गालाखाली तळवा ठेवून झोपेची खूण केली. मग स्वतःच्या डोळ्याकडे बोट, बाबांकडे बोट, आईच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट. सोबत बोलणं अखंड. आईचं नाव तेवढं मला कळत होतं. ते दोन-तीनदा आलं. शेवटी तिने काहीतरी विचारलं आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबली.

आता इथे आमचा स्वभाव सांगायला हवा. आम्ही इंग्रज न कळलेलं एकदा विचारतो, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे समोरच्याला त्रास, असं आमच्या हाडात बसलेलं. मग आम्ही हसतो आणि हो म्हणतो. माझ्या फोनमध्ये भाषांतराची सोय होती. पण रडवेल्या म्हाताऱ्या बाईच्या तोंडासमोर फोन धरायचा, हे मला उद्धटपणाचं वाटलं. तेव्हा मी हसले आणि मान हलवली. "हो, हो. खूप आभार." एवढे शब्द मला तिच्या भाषेत येत होते, आणि ते मी फार गोड म्हणायचे.

अंपारोचा चेहरा एकदम निवळला. तिने माझा गाल थोपटला. थोड्या वेळाने बदामाच्या वड्यांची ताटली आणून दिली.

"काय म्हणत होती?" मी बाबांना विचारलं.

"ऊन आत येतं म्हणत असेल. इथल्या लोकांना उन्हाचं फार. घे, वडी खा."

आम्ही वड्या खाल्ल्या. चांगल्या होत्या.

ते ऑक्टोबरमध्ये झालं. रविवार होता. दर रविवारी मी मांस ओव्हनमध्ये सरकवलं की बाबांचा फोन यायचा. "बटाटे टाकलेस का आधी पाण्यात?" इथूनच सुरुवात. त्या दिवशी मांस शिजलं, बटाटे शिजले, मार्गोने मटार जमिनीवर पेरले, फोन नाही. मी केला. वाजत राहिला. कॉलिनच्या बारला केला. रविवारी तिथे मॅचचा गोंगाट, कुणी उचललाच नाही.

नवरा म्हणाला, "झोपले असतील. बाहेर गेले असतील. तू पण ना, हेली."

मला माझी खोड माहीत होती. मार्गो शिंकली तरी मी थर्मामीटर शोधते. म्हणून मी स्वतःलाच दटावलं आणि वाट पाहिली. मग मात्र राहवेना. आईने तिच्या आजारपणात मला अंपारोचा नंबर देऊन ठेवला होता. कधी वापरला नव्हता. लावला.

अंपारोने उचलला. मी माझं नाव सांगितलं, ती आनंदली. मी म्हटलं, "बाबा? क्लाइव्ह? ठीक?" एवढंच जुळलं. पलीकडे ती चालत चालत दाराशी गेली असावी, कारण मागे रस्त्याचा आवाज आला. मग ती हसत, भरभरून, तेच तेच सांगू लागली. आवाज असा की कुणालाही धीर यावा. ती काय सांगते ते मला कळत नव्हतं, पण ती घाबरलेली नाही हे कळत होतं. मी म्हटलं, "हो, हो. खूप आभार." ती म्हणाली, हो, हो. मी फोन ठेवला. खांद्यावरचा दगड उतरला. नवऱ्याला म्हटलं, "ठीक आहेत, अंपारो म्हणाली."

संध्याकाळी ती खुर्ची घेऊन बाहेर बसली तेव्हा बाबांच्या खिडकीत टीव्हीचा उजेड दिसला नाही. बाबांचा टीव्ही लागला नाही अशी संध्याकाळ तिने पाहिली नव्हती. तिच्याकडे किल्ली होती. बाबा बाथरूमच्या दारात पडलेले होते, अर्ध्या गालाला दाढीचा वाळलेला साबण. सकाळपासून.

जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टरांनी चांगल्या इंग्रजीत मला समजावलं की मेंदूच्या झटक्यात पहिले काही तास मोलाचे असतात. दुपारी जरी आणलं असतं तर, असं त्यांनी अर्धं वाक्य म्हटलं आणि पुढचं गिळलं.

वॉर्डच्या बाहेर अंपारो बाकावर बसली होती. मला पाहून उठली आणि बोलू लागली, आणि या वेळी ती रडत होती. त्या इस्पितळात आमच्या लोकांसाठी दुभाष्याचं काम करणारी एक इंग्रज बाई होती, जांभळ्या जाकिटातली. या गावातल्या माणसाशी लग्न करून आलेली. सासूला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, म्हणून हिला शिकणं भाग पडलं, असं ती नंतर म्हणाली. तिला मी हाताला धरून आणलं.

"ती म्हणते, शटर वर होतं," त्या बाईने सांगितलं.

"म्हणजे?"

त्यांनी आपसांत बोलून घेतलं. मग ती बाई माझ्याकडे वळली, जरा हळू. "तुमची आई आणि ही, दोघींचं ठरलेलं होतं. रात्री शटर खाली करायचं, सकाळी उठलं की वर. पाव आणायच्या वेळेपर्यंत वर गेलं नाही तर दुसरीने किल्ली घेऊन आत जायचं. आई गेल्यावर ती तुमच्या बाबांचं शटर बघायची. ईस्टरला ते ठोकलेलं दिसलं, म्हणून विचारायला आली. म्हणाली, बाळ आहे तोवर राहू दे, पण नंतर त्यांना ते रोज खाली करायला सांगशील ना? नाहीतर मीच सकाळी दार वाजवत जाते, कसं करू?"

"मग?"

"तुम्ही हो म्हणालात."

कॉरिडॉरमधून कुणी चाकाची खुर्ची ढकलत नेली. आम्ही तिघी बाजूला झालो.

"ती झोपायला जायची तेव्हा ते वर असायचं, उठायची तेव्हाही वर," ती बाई पुढे म्हणाली. "तिला वाटायचं, इंग्रज माणूस, उशिरा पाडत असेल, लवकर उचलत असेल. रविवारी तुमचा फोन आला तेव्हा ती दारात जाऊन बघून आली. तुम्हाला तेच सांगत होती. शटर वर आहे, काळजी करू नको, शटर वर आहे."

अंपारोने माझे हात धरले आणि काही म्हणाली.

"ती माफी मागते आहे," ती बाई म्हणाली.

मी नको नको म्हणत राहिले. तेही इंग्रजीत.

बाबा तिथे पाच-सहा आठवडे होते. बोलणं शिकवायला एक तरुण मुलगी रोज यायची. चित्रं दाखवायची, घर, मासा, पाव. नावं तिच्या भाषेत. मी विनवल्यावर तिने इंग्रजीतही सांगितली, पण तिचं इंग्रजी त्या बेकरीतल्या पोरीसारखं, कापून देऊ की अख्खा एवढंच. गेलेलं बोलणं परत आणायचं तर माणसाची लहानपणची गाणी लागतात, त्याच्या गावच्या शिव्या लागतात, फुटबॉलमधले आरडेओरडे लागतात. ते तिने कुठून आणायचं? पावाचं चित्र समोर धरलं की बाबा त्याच्याकडे एकटक बघायचे. ओठ हलायचे. कुठल्या वाक्याच्या शोधात होते, मला कळलं नाही. अंपारो दुपारी बस पकडून यायची, त्यांच्या उशाशी बसून संत्रं सोलायची आणि आईशी बोलायची तशी त्यांच्याशी बोलायची. बाबा ऐकायचे. मान हलवायचे नाहीत. फक्त ऐकायचे.

आता ते स्टोकला आहेत, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर, सांभाळणाऱ्यांच्या घरात. एक शब्द परत आला आहे, 'बदके'. मला म्हणतात, नर्सला म्हणतात, भिंतीवरच्या घड्याळालाही म्हणतात. आमच्या गावात सगळे सगळ्यांना बदके म्हणतात, त्यामुळे त्यांच्यात काही बिनसलंय हे कुणाला कळत नाही.

मी शिकते आहे. मार्गो झोपली की, आणि भांडी घासताना. फार उशीर झाला हे कळतं. शीक म्हणणारी आई गेली, ज्याच्यासाठी बोलायचं त्याचं बोलणं गेलं. पण शिकायला बसले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, जी त्या कॉरिडॉरमध्ये सुचायला हवी होती. ठरलेलं दोघींचं होतं. अंपारो आईचं शटर बघायची, तशी आई अंपारोचं बघायची. तिचा मुलगा तिकडे उत्तरेला, महिन्यातून एकदा येतो. गल्लीतली बाकी घरं हिवाळ्यात बंद, आणि जी उघडी असतात त्यांतल्या आमच्या लोकांना शटर म्हणजे ऊन अडवायची वस्तू वाटते. मग आई गेल्यापासून अंपारोचं शटर कोण बघतं?

म्हणून मी दर रविवारी तिला फोन करते. पहिलं वाक्य माझं ठरलेलं आहे. "अंपारो, शटर वर आहे?" ती हसते, हो म्हणते आणि मग सुटते. मी आता मध्येच थांबवते. "कळलं नाही. पुन्हा सांगा." ती पुन्हा सांगते. "अजून नाही कळलं." ती तिसऱ्यांदा सांगते, हळू, न कंटाळता. असे गुडघेदुखीचे, बदामाच्या भावाचे, सुनेच्या तक्रारींचे तुकडे मला मिळत जातात.

मागच्या रविवारी तिने फोन उचलला नाही. या रविवारीही नाही. मुलाकडे गेली असेल. फोन ऐकू आला नसेल, तिला हल्ली कमी ऐकू येतं. कॉलिनला निरोप ठेवला, त्याचा बार थंडीत बंद असतो. माझ्या मोडक्यातोडक्या भाषेत तिथल्या पोलिसांना फोन लावला, तर त्यांनी इंग्रजी येणाऱ्या माणसाला जोडतो म्हणून थांबवलं आणि मध्येच लाइन तुटली. पुन्हा लावते आहे.

तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला असेल, कुणाचे आईवडील, मावशी, मित्र तिथे उन्हाला गेले असतील, तर त्यांना एवढं सांगा. अलिकांतेहून डोंगराकडे जाणारा रस्ता, गावाच्या वेशीवर बदामाची दोन-तीन झाडं उरली आहेत, तिथून आत वळणारी गल्ली. आमचं घर ओळखू येईल, त्याचं शटर अजून पाचर मारून वर आहे. त्याच्याकडे बघू नका. त्याच्या शेजारचं बघा. सकाळी, पाव आणायला निघाल तेव्हा. खाली असेल तर दार वाजवा, आणि कुणी आतून काही म्हणालं आणि कळलं नाही, तर कृपा करून हो म्हणून निघून येऊ नका.